उजवी बाजू

४ मार्च

ती. दादास,

नमस्कार. दरवेळचा साष्टांग आज नाही, वाकायची इच्छा नाही. मी बरी आहे, दुकान बरं चाललंय. वहिनींना गुडघ्याबद्दल विचारलं म्हणून सांग, नातीला पापा. झालं क्षेमकुशल.

एकाच गावात राहून पत्र का, असं म्हणशील. फोनवर तू "हं, हं" करून ठेवून देतोस. समोर आले की तुला एकदम काहीतरी काम आठवतं. कागदाला तरी तसं करता येत नाही. टाकून दिलास तरी आधी वाचशील, मला ठाऊक आहे.

काल संध्याकाळी दुकान बंद करून क्लबवर गेले. फळ्यावर टेनिसच्या दुहेरीच्या जोड्यांची यादी लागली होती. तुझ्या नावापुढे दाताचे डॉक्टर. मला वाटलं चिटणिसांची चूक, त्यांच्या चुकांना काही सुमार नाही. मैदानवाले काका कोर्टावर पाणी मारत होते, त्यांना म्हटलं, "काका, ही यादी कुणी लावली हो?" तर ते म्हणतात, "ताई, तुम्हाला माहीत नव्हतं? दादांनी स्वतःच लिहून दिली की."

म्हणजे मैदानवाल्या काकांना माहीत, चिटणिसांना माहीत, डॉक्टरांना तर माहीत असणारच. बहिणीला फळा सांगणार!

आणि मग मी विचारायला आले, तर काय म्हणालास? चार माणसांसमोर, पाण्याच्या माठाजवळ उभा राहून? "तुझी सर्व्हिस आता चालत नाही. तुझ्यामुळे हरतो आपण." माझ्याकडे न बघता म्हणालास. डॉक्टर बिचारे बुटाची नाडी बांधायला वाकले ते बराच वेळ वर आलेच नाहीत.

तीस वर्षं, दादा. माझं लग्न झालं, दोन मुलं झाली, पोटाचं ऑपरेशन झालं, दुकानाला आग लागली, पण शनिवारची दुहेरी मी चुकवली नाही. माझी सर्व्हिस हळू आहे हे मला काय आजच कळलं? ती पहिल्यापासून हळूच होती. ती घेऊनच आपण नऊ वेळा जिंकलो.

आणि हरण्याचंच म्हणशील तर गेल्या वर्षीची उपांत्य फेरी आठव. शेवटचा चेंडू तुझ्या उजव्या हाताशी, हातभरावरून गेला. तू रॅकेट उचललीसुद्धा नाहीस. वर माझ्याकडे असं वळून बघितलंस, जणू तो माझा होता. आणि मी मूर्ख, मी तुला सॉरी म्हटलं! घरी गेल्यावर यांनी विचारलं, "चेंडू त्याच्या बाजूचा होता ना, मग तू का सॉरी?" मी यांच्याशीच भांडले.

अजून एक सांगते, मग थांबते. तीस वर्षं मी तुझ्याकडे कोर्टाची उजवी बाजू मागतेय. मागून मागून जीभ झिजली. "तुला जमणार नाही, डावीकडे उभी राहा," हे तुझं ठरलेलं उत्तर. काल डॉक्टरांबरोबर सराव करताना बघितलं तुला. पहिल्याच दिवशी उजवी बाजू त्यांच्या हवाली करून तू डावीकडे! तिथे मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सर्व्हिसचं मी गिळलं असतं, हे नाही गिळणार.

तेव्हा आता ऐक. क्लबच्या शिडीचा नियम तूच घातलायस. आपल्या वरच्या दोन पायऱ्यांपर्यंत कुणालाही आव्हान देता येतं, बाई असो की बुवा, आणि जो जिंकेल त्याची लाकडी पाटी वर जाते. तू तिसरा, मी पाचवी. मी तुला आव्हान देतेय. एकेरी, एक सेट, मे महिन्याच्या पहिल्या रविवारी. दोन महिने मला सर्व्हिस शिकायला हवेत. तुझ्याकडून नव्हे.

तुझी (हे अजून खोडलेलं नाही)
धाकटी


१९ एप्रिल

ती. दादास,

नमस्कार. आम्ही मजेत.

तुझी चिठ्ठी मिळाली. सहा आठवड्यांनी चार शब्द! "ठीक. रविवार सकाळी सात." शिवाय ते चारही शब्द रेघ सोडून खाली घसरलेले, शेवटचा तर अर्धा कागदाबाहेर. आयुष्यभर वजनमापं तपासलीस, दुकानदाराच्या तराजूत गुंजभर फरक पकडलास, तुझ्या वहीतली ओळ कधी केसभर हलली नाही. बहिणीला लिहिताना मात्र रिक्षात बसून खरडल्यासारखं. एवढीच किंमत ना माझी? बरं.

मी शिकतेय. लहान मुलांना शिकवायला ती सव्वीस वर्षांची पोरगी येते ना, उंच, केस कापलेली, तिच्याकडे. मंगळवार-शुक्रवार सकाळी, मुलं यायच्या आधी. तिनं पहिल्या दिवशी माझ्या दोनच सर्व्हिस बघितल्या आणि कपाळावर हात मारला. "काकू, रॅकेट अशी धरायला कुणी शिकवलं तुम्हाला?"

कुणी शिकवलं, दादा? मी नऊ वर्षांची, तू तेरा. क्लबच्या मागची भिंत. बाबा क्लबच्या जाळ्या शिवून द्यायचे, म्हणून आपल्याला मागच्या भिंतीपाशी खेळू द्यायचे. मोडकी रॅकेट माझ्या हातात देऊन तू म्हणालास, "उलथनं धरतेस ना, तस्सं धर." मी आजतागायत तस्संच धरत आले. अठ्ठेचाळीस वर्षं! ती पोरगी म्हणते, उलथन्याच्या पकडीनं चेंडू नुसता समोर ढकलता येतो, त्याला फिरकी देणं जन्मात शक्य नाही. म्हणजे माझी सर्व्हिस चालत नाही, ती तुझ्याच शिकवणीमुळे चालत नाही. आणि तिलाच तू चार माणसांत नावं ठेवलीस.

तिला मी काय उत्तर दिलं माहितेय? म्हटलं, "कुणी नाही, माझी मीच शिकले." तुझं नाव जिभेवर आलं होतं, पण घेतलं नाही. का घेतलं नाही ते मलाही कळलेलं नाही, आणि त्याचाही रागच आहे.

तर आता रॅकेट हातोडीसारखी धरायची. चेंडू डोक्यावर नाही, जरा उजवीकडे आणि पुढे उडवायचा. छाती जाळीकडे लवकर वळवायची नाही, आडवंच राहायचं. आणि चेंडूला पाठीत मारायचं नाही, त्याच्या उजव्या गालावरून रॅकेट फिरवायची, सफरचंद सोलताना सुरी फिरते तशी. मग चेंडू निघतो सरळ आणि वाटेत मन बदलल्यासारखा बाजूला वळतो, आणि टप्पा पडला की वर न उठता सरपटत बाहेर पळतो. याला म्हणतात स्लाइस.

म्हणायला सोपं. पहिल्या आठवड्यात मी स्वतःच्या नडगीवर तीनदा मारून घेतलं. एक चेंडू मैदानवाल्या काकांच्या बादलीत. ते म्हणाले, "ताई, बादली इकडे आहे, कोर्ट तिकडे." दुकानात मशीन थांबवून दोऱ्याचं रीळ वर उडवायचा सराव करते, हाताला सवय व्हावी म्हणून. एकदा ते गिऱ्हाईकबाईंच्या खांद्यावर पडलं. त्या ब्लाउजच्या मापाला आल्या होत्या, आता नमस्कारसुद्धा लांबून करतात.

पण चौथ्या आठवड्यात एक चेंडू वळला, दादा. मी उजव्या कोपऱ्यातून मारला. पलीकडे ती पोरगी उभी होती, तिच्या उजव्या हाताजवळून तो असा काही वाकला की ती हसतच राहिली. म्हणाली, "काकू, समोरचा याच्या मागे कोर्टाबाहेर पळणार, नाहीतर नुसता बघत राहणार." मी म्हटलं, बघतच राहायला हवा.

वहिनी परवा फॉल-बिडिंगला आल्या होत्या. गाडीचा उजवा आरसा तू फाटकाच्या खांबावर मोडलास म्हणे, महिन्यात दुसऱ्यांदा. आणि खांबच मधे आला असं सांगितलंस. वा! खांबानंही तुझ्याशी वैर धरलेलं दिसतं. निदान त्याला तरी तोंडावर सांग, की तुझ्यामुळे हरतो म्हणून.

मेच्या पहिल्या रविवारी भेटू.

तुझी
धाकटी, शिडीवर पाचवी, सध्यापुरती


७ मे

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. आज घातलाय.

हे पत्र जाड पेनानं, मोठ्या अक्षरात लिहितेय. एका पानात पाचच ओळी मावतात, तेव्हा गठ्ठा होईल. सावकाश वाच, पण स्वतः वाच.

आधी जिंकले त्याचं. सहा-तीन. चिटणिसांनी तिथल्या तिथे माझी पाटी काढून तुझ्या जागी लावली. दाताच्या डॉक्टरांनी हात मिळवला. त्या पोरीनं तर मला उचललंच. सगळे विचारत होते, दोन महिन्यांत ही जादू कशी झाली. मी हसत होते. मग घरी आले, अंघोळ न करता ओट्याशी उभी राहिले, यांनी चहा पुढे केला तर तोही नको म्हटलं. दादा, मी इतकी चिडलेय, की दोन दिवस कापडाला कात्री लावायची हिंमत झाली नाही. काहीतरी वाकडं कापीन म्हणून.

तुझ्यावर चिडलेय. ते आधी. माझ्यावरचं नंतर सांगते, ते लिहायला जड जातंय.

आपल्याकडे पंच नसतो. ज्याच्या कोर्टात चेंडू पडला, त्यानं आत की बाहेर सांगायचं, आणि शंका आली तर चेंडू आत धरायचा. हेही तूच सगळ्यांना शिकवलंस. पण तुला कधी शंका येत नसे. इतक्या वर्षांत तू बाहेरचा चेंडू आत दिलास किंवा आतला बाहेर दिलास, असं एकदाही झालं नाही. लोक म्हणायचे, दादांनी तळवा खाली करून चेंडू आत दिला म्हणजे खडूची रेघ.

सातव्या गेममध्ये मी उजवीकडून स्लाइस मारली. चेंडू जरा जास्तच वळला. बाहेर गेला असं मला स्पष्ट दिसलं, मी दुसरा चेंडू खिशातून काढायला लागले होते. तर तू तळवा खाली केलास. आत. मला वाटलं माझाच डोळा चुकला. मग चार-तीनला बाजू बदलायला आपण एकमेकांच्या शेजारून गेलो. तू गेलास, आणि मी लाल मातीवरचा तो टप्पा बघितला. रेघेच्या बाहेर होता. चांगला चार बोटं बाहेर.

मी थांबले. वाटलं, मुद्दाम दिलास की काय? धाकटीला एक चेंडू भीक घातलास? तसं असतं तर मी रॅकेट तिथेच टाकून घरी गेले असते. पण तसं तू कधी करणार नाहीस. म्हणून पुढच्या माझ्या गेममध्ये मी चेंडूकडे न बघता तुझ्याकडे बघितलं.

पहिला चेंडू तुझ्या उजव्या हाताजवळून गेला आणि तुझी मान हलली नाही. चेंडू मागच्या जाळीवर आपटला, तो आवाज ऐकून तू तळवा खाली केलास. डावीकडे मारलेला मात्र तू असा परतवलास, की मला पाय हलवायलाही वेळ मिळाला नाही. पुन्हा उजवीकडून मारला. पुन्हा तेच. मान सरळ, आवाज, तळवा.

तुला त्या बाजूचं दिसत नाही, दादा.

लिहिलं एकदाचं. उपांत्य फेरीतला चेंडू, गाडीचा आरसा, रेघ सोडून गेलेली चिठ्ठी, डॉक्टरांना दिलेली उजवी बाजू. सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि मी प्रत्येकाचा अर्थ एकच लावत होते, की तू मला अपमानित करतोयस. दिसतं कुणाला कमी, तुला की मला?

पण म्हणून तू सुटत नाहीस! "तुझी सर्व्हिस चालत नाही" म्हणालास. माझी सर्व्हिस! "मला दिसेनासं झालंय" एवढं म्हणायला काय झालं होतं? डॉक्टरांना उजवीकडे उभं केलंस, म्हणजे त्यांना सांगितलंस? की त्यांनाही काही थाप मारलीस? जिच्या डोक्यावर टपली मारून सगळं शिकवलंस तिला सांगायची लाज वाटली, आणि चार लोकांत तिची लाज काढताना वाटली नाही. आणि दिसत नसताना प्रत्येक चेंडू समोरच्याला देत बसलास. प्रामाणिक माणूस! त्या प्रामाणिकपणाचाच मला सर्वांत जास्त राग आलाय. गुंजभर खोटं बोलायचं नाही म्हणून गुण देऊन टाकायचे, आणि मणभर खोटं बहिणीच्या माथी मारायचं.

आता माझं.

दुसऱ्या चेंडूनंतर मला कळलं होतं. चाळीस-पंधराला, जिंकायला एकच गुण हवा असताना, तिसऱ्या वेळी, मला थांबता आलं असतं. मधोमध मारता आला असता. जाळीपाशी येऊन "दादा, काय होतंय तुला?" असं विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. मी चेंडू उजवीकडे आणि पुढे उडवला, आडवी राहिले, त्याच्या गालावरून रॅकेट फिरवली, सगळं अगदी शिकवल्याप्रमाणे, आणि तुला जिथलं दिसत नाही तिथेच मारला. तोही बाहेर गेला. मी बघितला. तू तळवा खाली केलास, आणि मी हात पुढे करून जाळीकडे चालत आले.

तू म्हणालास, "सर्व्हिस सुधारली तुझी." हसलास. मग पिशवी उचलून निघालास आणि बाकावर गुडघा आपटलास. उजवा. मी बघत होते, आणि तरी मागून आले नाही. लोक माझं अभिनंदन करत होते ना.

काल चिटणिसांकडे जाऊन पाट्या पूर्ववत केल्या. ते म्हणाले, नियमात बसत नाही, निकाल खेळणाऱ्यांनी दिलाय. मी म्हटलं, "खेळणारी मीच आहे आणि शेवटचा बॉल बाहेर होता, मी सांगतेय." ते म्हणाले, "पण तुमच्या दादांनी आत दिला." मी म्हटलं, "दादा चुकले." हे वाक्य त्या क्लबात पहिल्यांदाच कुणी उच्चारलं असेल. पुढचं काही मी सांगितलेलं नाही.

बाबांचं आठवतं ना? सुईत दोरा ओवायला आपल्याला हाक मारायचे. आपल्याला वाटायचं, लाडानं बोलावतात. आपण पैज लावायचो, कोण आधी ओवतं. मग एक दिवस त्यांनी कुणाच्या तरी लग्नाच्या कोटाची बाही उलटी जोडली, आणि सगळं बाहेर आलं. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, दोन वर्षं आधी आणलं असतंत तर एक डोळा वाचला असता. तू वर्षभर बाबांशी धड बोलला नव्हतास. "सांगायला काय झालं होतं?" म्हणून दारं आपटायचास. मी तेव्हा बाबांची बाजू घ्यायचे. म्हणायचे, घाबरले असतील रे.

तू घाबरलायस. मला आज कळलं. मीही घाबरलेय, आणि मला घाबरले की आरडाओरडाच करता येतो, हे तुला मी नऊ वर्षांची असल्यापासून माहीत आहे.

तेव्हा ऐक, आणि या वेळी "हं, हं" नको. नातीला गाडीतून शाळेत सोडणं आजपासून बंद. आरसे दोनदा गेले, तिसऱ्यांदा काय जाईल याची वाट मी बघणार नाही. किल्ली वहिनींच्या हातात दे आणि का ते तुझ्या तोंडानं सांग. बुधवार संध्याकाळपर्यंत. नाही सांगितलंस तर मी येऊन सांगेन, आणि मी कशी सांगते ते तुला माहीत आहे.

गुरुवारी सकाळी दहाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नंबर लावलाय, तुझ्या नावानं. बाबांचंही त्यांना सांगितलंय. साडेनऊला मी तुझ्या फाटकाशी येते. त्या खांबाजवळ.

बाहेर आलास की मान वळवून मला शोधू नकोस. मी उजवीकडेच असेन. तीस वर्षं मागत होते ती बाजू, आता न विचारता घेतेय.

तुझी
धाकटी